वेबिलावरची रेघ

आमच्या घरात 'रेघ' या शब्दाला एक जादा अर्थ आहे. गिअर बदलताना गाडीनं आचका दिला, पुढच्याची मान हलली, मागच्याच्या मांडीवरची पिशवी सरकली, की कुणीतरी म्हणतं, "रेघ." बास. पुढं काही बोलायचं नाही. चालवणाऱ्यानं काय ते समजून घ्यायचं.

शब्द अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला पुण्याहून नगरला गेली आणि अप्पाही त्याच सालचे. त्यामुळं एसटीचं वय विचारलं की ते स्वतःचं सांगतात. सोलापूर डेपोला त्यांनी तीस-बत्तीस वर्षं गाडी चालवली. तेव्हा कंडक्टरच्या हातात तिकिटाचं मशीन नव्हतं. तिकिटांचा ट्रे, पंच, बोटांच्या बेचक्यात उभ्या घडीच्या नोटा, आणि टप्पा आला की वेबिल भरायचं. कुठल्या टप्प्याला कुठल्या नंबरपर्यंत तिकिटं गेली, ते बारीक बारीक रकान्यांत लिहायचं. चालत्या गाडीत, उभ्यानं, कंबर कुठल्यातरी सीटच्या दांडीला टेकवून. ड्रायव्हरचा गिअर नीट पडला नाही की पेन ह्या रकान्यातून थेट त्या रकान्यात जायचं.

अप्पांना सुरुवातीला जोडीला एक वयस्क कंडक्टर मिळाले होते, मास्तर म्हणायचे त्यांना. फेरी संपली की ते वेबिल अप्पांपुढं धरायचे आणि न बोलता रेघेवर बोट ठेवायचे. शिवी नाही, तक्रार नाही. "शिवी दिली असती तर बरं झालं असतं," अप्पा म्हणतात. "दोन वर्सं रोज एक तरी रेघ असायची. मग एक दिवस मास्तरनं वेबिल दाखवलंच नाही. सरळ खिशात घातलं."

हे सगळं मला फार उशिरा कळलं. मी गाडी शिकले चौतिसाव्या वर्षी, तुळजापूरला बदली झाल्यावर. त्याआधी स्कूटी होती आणि तिला गिअरच नव्हते. ज्या क्लासला मी पैसे भरले त्यांनी मला तीन आठवड्यांत गाडी 'पुढं न्यायला' शिकवलं. वरचे गिअर कसे टाकायचे, रिव्हर्स कशी घ्यायची, लायसनच्या परीक्षेत आठ कसा काढायचा. खालचा गिअर कसा टाकायचा, हे मात्र एका वाक्यात उरकलं: ब्रेक मारा, क्लच पूर्ण दाबा, गिअर टाका, क्लच हळू सोडा. 'क्लच हळू सोडा' हे त्यांच्याकडचं रामबाण होतं. गाडी बंद पडली, क्लच हळू सोडा. गाडी उडी मारली, क्लच हळू सोडा.

मी सोडत गेले हळू. सोलापूर ते तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर, आठवड्यातले पाच-सहा दिवस, येऊन-जाऊन. माझ्या पहिल्या गाडीची क्लच प्लेट चाळीस हजार किलोमीटरच्या आत गेली. होटगी रोडच्या मिस्त्रीनं काढलेली प्लेट माझ्या हातात दिली. काळीनिळी पडलेली, कडेला रिव्हेट उघडे. "मॅडम, पाय क्लचवर ठेवून चालवता का?" नाही म्हटलं. खरं म्हणजे ठेवत नव्हतेच. मग प्लेट गेली कशी? त्या रात्री जेवताना हे अप्पांना सांगितलं, तर त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "गिअर उतरवताना रेस देतीस का?"

मला वाटलं त्यांनी ऐकण्यात काही चूक केली. गाडी हळू करायचीय, आणि रेस द्यायची?

"उद्या बसतो तुझ्यासंगं," ते म्हणाले.

इथं थोडं यंत्राकडं वळावं लागतं. ज्यांना हे माहीत आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालेल.

माझ्या आताच्या गाडीत चौथ्या गिअरमध्ये ताशी पन्नासचा वेग असेल तेव्हा इंजिन मिनिटाला साधारण २००० फेरे घेतं. त्याच वेगाला तिसऱ्यात त्याला २७०० घ्यावे लागतात, दुसऱ्यात जवळपास ४०००. चाकं तेवढीच फिरतात, मधली दातांची वाटणी बदलते. आता चौथ्यातून तिसऱ्यात यायचंय. मी ॲक्सिलेटर सोडला, क्लच दाबला. इंजिन मोकळं झालं, फेऱ्यांचा काटा घसरत हजाराकडं निघाला. इकडं तिसरा गिअर २७०० मागतोय. क्लच सोडताना हा दीड-पावणेदोन हजारांचा फरक भरून कोण काढणार? गाडीचा स्वतःचा वेग. चाकं इंजिनला ओढून वर नेतात, आणि ते ओढणं म्हणजेच आचका. क्लच हळू सोडला तर आचका जाणवत नाही, पण तो कुठं जात नाही; प्लेट घासून घासून तो पचवते. माझी पचवून पचवून मेली.

उपाय साधा. क्लच दाबलेला असतानाच उजव्या पायानं ॲक्सिलेटरला एक टिचकी द्यायची. काटा वर उडतो. तो २७००च्या आसपास असताना क्लच सोडायचा, आणि तोही निवांत नाही, सरळ. इंजिन आणि चाकं एकाच तालात भेटतात, भांडण होत नाही. काट्याकडं बघत बसायची गरज नाही, किंवा बघूच नये, आवाजावर जमतं. इंग्रजीत याला रेव्ह मॅचिंग म्हणतात आणि गाड्यांचे शौकीन लोक त्याबद्दल तासतासभर बोलतात. अप्पांच्या तोंडी त्याला नावच नव्हतं. "गिअर उतरवणे" यातच ते आलं.

पण अप्पा जे करायचे ते याच्याही पुढचं होतं. त्यांच्या सुरुवातीच्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रो नव्हता. हा सिंक्रो म्हणजे पितळेची एक कडी. गिअर पडायच्या आधी ती गिअरला घासून दोन्ही भागांचा वेग सारखा करते, मग दात गुपचूप बसतात. अमेरिकेत कॅडिलॅकनं असा गिअरबॉक्स १९२८ साली आणला, पण अप्पांच्या बसपर्यंत तो पोचायचा होता. त्यामुळं कडीचं काम ड्रायव्हरच्या पायाला. क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, रेस द्यायची, परत क्लच दाबायचा, खालचा गिअर टाकायचा, क्लच सोडायचा. हा डबल क्लच. मधे न्यूट्रलला क्लच सोडून रेस दिल्यानं गिअरबॉक्सच्या आतला शाफ्टही वेग घेतो, म्हणून दात जुळतात. एक पायरी चुकली की कर्रर्र, आणि अख्खी बस ड्रायव्हरकडं बघणार. उतारावर चुकली तर गिअर पडणारच नाही. गाडी न्यूट्रलला, पुढं घाट, मागं साठ माणसं.

बरेच जण रेव्ह मॅचिंग आणि डबल क्लच एकच समजतात. नुसती रेस क्लच प्लेटला वाचवते. डबल क्लच सिंक्रोच्या कडीला. हल्लीच्या धड गाडीला डबल क्लचची गरज नाही, आणि रोज मारत बसणं म्हणजे डाव्या पायाला फुकटचा व्यायाम. कडी झिजली की गोष्ट वेगळी. माझ्या त्याच जुन्या गाडीचा दुसरा गिअर पुढं पुढं थंडीत सकाळी ओरडायला लागला होता. मिस्त्री म्हणाला गिअरबॉक्स उतरवावा लागेल. अप्पांनी म्हटलं, थांब. डबल क्लच शिकवला, आणि ती गाडी विकेपर्यंत आणखी वर्षभर दुसरा गिअर लोण्यासारखा पडत होता. घेणाऱ्याला मी हे सांगितलं होतं, बरं का. त्याला वाटलं मी गाडीची तारीफ करतेय.

तर अप्पा दुसऱ्या दिवशी बसले शेजारी. तुळजापूर नाका ओलांडला, हिप्परग्याचा तलाव आला, तरी काही बोलेनात. चप्पल काढून त्यांनी डावा पाय मॅटखाली सारला, उघड्या पत्र्याला टेकवून. मला वाटलं गरम होत असेल. नंतर कळलं, ते पायानं ऐकतात. त्यांचा डावा कान जवळजवळ गेलेला आहे. बसमध्ये ड्रायव्हरच्या डाव्या हाताला इंजिन असायचं, बॉनेटच्या त्या पेटाऱ्यात, तीस वर्षं, हातभर अंतरावर. उजवा कान खिडकीकडं, तो शाबूत. माझ्या शेजारी बसले की शाबूत कान माझ्या बाजूला येतो, तरी त्यांचा कानावर भरवसा नाही.

तामलवाडीच्या अलीकडं पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर लागला. ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, मागं लाल कापडाचं फडकं. मी चौथ्यात, पन्नासवर. ओव्हरटेक करायला दाबलं तर गाडी नुसती हुंकार देत राहिली.

"इंजन काय म्हणूलालंय ते ऐक की," अप्पा म्हणाले.

"काय म्हणतंय?"

"तिसरा टाक म्हणूलालंय. तू ऐकंना."

तिसरा टाकला. आचका.

"रेघ."

त्या दिवशी घाट येईपर्यंत आठ रेघा झाल्या. येताना पाच. मी चिडले होते. चाळिशीकडं झुकलेल्या बाईला बापानं असं मोजत बसावं? पण महिनाभरात ते अंगात बसलं. सांगता येत नाही नेमकं कधी. पोहण्यासारखं आहे हे. हात मारताना आपण पाण्याचा विचार करणं थांबवतो तेव्हा पोहायला येतं.

आवाजाची सवय आम्हाला तशी लहानपणापासून होती. आम्ही साखर पेठेच्या बाजूला भाड्यानं राहायचो. भिंतीपलीकडं तेलुगू बोलणाऱ्या शेजाऱ्यांचे माग. टॉवेलचे. रात्रंदिवस खटक खट्, खटक खट्. पाहुण्यांना झोप यायची नाही आणि आम्हाला तो बंद पडला की जाग यायची. शेजारचे काका अंगणात बसून चहा पीत असताना मधेच कप ठेवून आत जायचे. धागा तुटलेला असायचा. चार मागांतल्या कुठल्या मागाचा, तेही त्यांना बाहेरून कळायचं. अप्पा आणि ते काका संध्याकाळी बाजूबाजूला बसायचे आणि फारसं बोलायचे नाहीत. त्या वेळी मला वाटायचं भाषेची अडचण असेल.

आता माझ्या चिरंजीवांकडं येते, कारण हा लेख खरं तर त्यांच्यामुळं सुरू झाला.

चिरंजीव वीस वर्षांचे आहेत, इंजिनियरिंगला आहेत, आणि मोबाइलवर रेसिंगचे व्हिडिओ बघतात. फॉर्म्युला वनचा आयर्टन सेना जपानमधल्या सुझुकाच्या ट्रॅकवर होंडाची एनएसएक्स ही स्पोर्ट्स कार चालवतोय, पायात ऑफिसला जाताना घालतात तसले बूट, आणि कॅमेरा पायांवर. उजवा पाय ब्रेकवर आणि त्याच पायाची बाजू ॲक्सिलेटरला टिचक्या देतेय. याला हील अँड टो म्हणतात. नाव टाच आणि बोटांचं असलं तरी बहुतेक ड्रायव्हर पंजाची एक बाजू ब्रेकवर ठेवून दुसऱ्या कडेनंच ॲक्सिलेटर दाबतात. बघायला सुंदर आहे, हे मी प्रामाणिकपणं सांगते. मी तो व्हिडिओ चार वेळा बघितला. पायानं कुणी तबला वाजवावा तसं दिसतं.

एका रविवारी सकाळी आमचे सेनासाहेब जुळे सोलापूरच्या एका रिकाम्या रस्त्यावर हे करायला गेले. मी शेजारी. स्पोर्ट शूज घातलेले, होडीएवढे. ब्रेक दाबला, बूट वळवला, आणि ब्रेक व ॲक्सिलेटर दोन्ही एकदम खाली. इंजिन किंचाळलं, गाडी थांबावं की पळावं या विचारात पडली, मी डॅशबोर्डवर. कोपऱ्यावरचा चहावाला हातातलं गाळणं तसंच धरून आमच्याकडं बघत राहिला. दुसऱ्यांदा उलटं झालं. पाय ॲक्सिलेटरपर्यंत पोचलाच नाही, त्या धडपडीत ब्रेक एकदम जोरात बसला. तिसऱ्यांदा मी चावी काढून घेतली.

यात त्याच्या पायाचा दोष कमी आहे. साध्या गाडीत ब्रेकचं पेडल ॲक्सिलेटरपेक्षा बरंच वर असतं, मुद्दाम, चुकून दोन्ही दाबली जाऊ नयेत म्हणून. रेसमध्ये ब्रेक जीव खाऊन दाबतात, तेव्हा ते पेडल खाली जाऊन ॲक्सिलेटरच्या पातळीला येतं आणि पायाची कड तिथं पोचते. सात रस्त्यावरच्या सिग्नलला आपण ब्रेक दाबतो तो असा कितीसा? अर्धा इंच. तेवढ्यात पाय वाकडा करून ॲक्सिलेटर गाठायचा म्हणजे घोट्याचं नुकसान. त्यात हल्लीच्या गाड्यांना ॲक्सिलेटरची तार नसते, सगळं कॉम्प्युटर ठरवतो. आणि काही गाड्यांत ब्रेक दाबलेला असताना ॲक्सिलेटर दाबला तर कॉम्प्युटर त्याला किंमतच देत नाही. बरोबरच आहे त्याचं.

गंमत म्हणजे ज्यांची ही विद्या, त्यांनी ती केव्हाच सोडली. फेरारीनं १९८९ साली फॉर्म्युला वनच्या गाडीत स्टिअरिंगमागं दोन पट्ट्या लावल्या. पट्टी ओढली की गिअर बदलतो, चालत्या गाडीत क्लच दाबायचं कामच नाही. त्या गाडीनं पहिलीच शर्यत, ब्राझीलची, जिंकली. पुढच्या काही वर्षांत सगळ्यांनी तेच केलं. आणि निसाननं २००९च्या ३७०झेड या स्पोर्ट्स कारमध्ये अशी सोय दिली की गिअरबॉक्स मॅन्युअल, क्लच तुमचा, पण खालचा गिअर टाकताना रेस गाडी स्वतः देणार. म्हणजे ट्रॅकवरून ती विद्या गेली, महागड्या गाड्यांत कॉम्प्युटरकडं गेली, आणि उरली कुणाकडं, तर हौशी पोरांकडं आणि जुन्या ट्रक ड्रायव्हरांकडं.

मी हे सगळं अप्पांना सांगितलं. हील अँड टोचं वर्णनही केलं, बसल्या जागी पाय वळवून दाखवला. त्यांनी शेंगाचटणीवर दही घेता घेता विचारलं, "त्याला घाई कसली असती एवढी?"

"कुणाला?"

"त्या सेनाला."

रेस असते अप्पा. वळणाच्या अगदी तोंडापर्यंत वेगात जायचं, शेवटच्या क्षणी ब्रेक मारायचा, आणि त्याच क्षणात गिअरही उतरवायचा. म्हणून एका पायात दोन कामं.

"आन् आपल्याला वळण आधी दिसत नाही?"

मी हसले, पण नंतर दोन दिवस ते डोक्यात राहिलं. हील अँड टो ही वेळ नसलेल्याची युक्ती आहे. ब्रेक आणि गिअर एकमेकांवर येऊन पडतात म्हणून पायाला ते सांधावं लागतं. आपल्याकडं वेळ असतो. आपण तो वापरत नाही इतकंच. सात रस्त्याला सिग्नल दिसतो दोनशे मीटरवरून. ब्रेक दाबून वेग कमी करावा, ब्रेक सोडावा, क्लच-टिचकी-गिअर, मग लागलाच तर पुन्हा ब्रेक. एका वेळी एक काम. पाय सरळच राहतो. चप्पलही चालते.

एक खुलासा इथंच करते, कारण हे वाचून कुणीतरी दर स्पीडब्रेकरला चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा असं जिना उतरल्यासारखं करत बसेल. शहरात त्याची गरज नसते. थांबायचंच असेल तर ब्रेक मारा, शेवटी क्लच दाबा, झालं. ब्रेकचे पॅड झिजण्यासाठीच असतात आणि ते क्लच प्लेटपेक्षा स्वस्त पडतात. गिअरनं ब्रेक वाचवतो म्हणून मिरवणारे काही जण मला माहीत आहेत. मिस्त्री त्यांच्यावर खूश असतो. नव्या पेठेत बाजाराच्या दिवशी तर ही सगळी विद्या दप्तरात ठेवावी. तिथं पहिला, दुसरा, आणि तोंडात "ओ मामा, बाजू" एवढंच पुरतं.

घाटात मात्र हिशोब उलटा होतो.

तुळजापूरचा घाट लांबीला काही फार नाही. ज्यांनी वरंध्याचा किंवा आंबोलीचा पाहिलाय ते याला घाट म्हणायलाही तयार होणार नाहीत. बालाघाटाच्या डोंगराची ही एक कड, रस्ता आता रुंद झालाय. पण कोजागिरीला सोलापुरातून लाखो माणसं रात्रभर चालत देवीला निघतात, त्यांच्यातल्या कुणालाही विचारा, शेवटचा तो चढ पायांना काय सांगतो ते. आणि उतरताना ट्रकला काय सांगतो ते अप्पांना विचारा.

भरलेली गाडी उतारावर नुसत्या ब्रेकनं धरली, की ब्रेक ड्रम तापतो. तापला की लायनरची, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्टीची, पकड कमी होते. पकड कमी झाली की ड्रायव्हर आणखी दाबतो, ड्रम आणखी तापतो. वास येतो, जळका, रबर आणि खडू एकत्र जाळल्यासारखा. तुम्ही कधी घाटाच्या पायथ्याला चाकातून धूर निघणारा ट्रक उभा बघितला असेल, तो याच गणितात नापास झालेला असतो. म्हणून जुन्या ड्रायव्हरांचा नियम: ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. खालच्या गिअरात इंजिन स्वतःच गाडीला धरतं, ब्रेकला नुसता अधूनमधून हात द्यायचा.

आणि तो गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. अप्पांचा सगळा जोर यावर. उतारावर एकदा गाडीनं वेग घेतला की डबल क्लचला न्यूट्रलमध्ये जो क्षण जातो, तेवढ्यात ती आणखी पळते, आणि मग खालचा गिअर पडायला लागणारी रेस तुमच्या पायात उरत नाही. वर, माथ्यावर, गाडी शांत असताना गिअर उतरवायचा. मग खाली बघायचं.

आमच्या ऑफिसातले एक सहकारी घाट न्यूट्रलमध्ये उतरतात. पेट्रोल वाचतं म्हणे. त्यांना मी दोनदा सांगून बघितलं. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलेटरवरून काढला, की इंजिनला चाकंच फिरवतात आणि कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं पेट्रोल जाळावंच लागतं. म्हणजे ते पेट्रोल खर्चून ब्रेक तापवतात. पटलं नाही त्यांना. कार्ब्युरेटरच्या काळातल्या वडिलांनी शिकवलंय म्हणे. वडिलांनी शिकवलंय म्हटल्यावर मी तरी काय बोलणार?

एक भीती मात्र मला अजून आहे, आणि ती असावी. पाचव्यातून चौथ्यात यायचं असताना हात चुकून दुसऱ्यात गेला, आणि वेग ऐंशीचा असला, तर इंजिनला सहा हजारांवर फरफटत नेलं जातं. ॲक्सिलेटरनं इंजिन फार पळू नये म्हणून गाडीत मर्यादा घातलेली असते, पण इथं इंजिनला पळवणारी चाकं असतात, त्या मर्यादेला ती जुमानत नाहीत. आणि पावसात, चिखलाच्या रस्त्यावर, रेस न देता खालचा गिअर टाकून क्लच सोडला, की ओढणारी चाकं क्षणभर अडखळतात आणि घसरतात. दोन्ही वेळा वाचवणारी गोष्ट एकच: क्लच सोडायच्या आधी ऐकणं. गिअर चुकीचा असला तर दांडा जड पडतो, गिअरबॉक्सचा आवाजही वेगळा येतो. पाय आपोआप थबकतो. वडाकबाळच्या पुलाच्या अलीकडं एकदा माझा असा थबकला होता. त्या दिवशी शेजारी कुणी नव्हतं. मीच मोठ्यानं म्हटलं, "रेघ," न ओढलेल्या रेघेला.

गेल्या वर्षी शेजाऱ्यांनी एएमटी गाडी घेतली. आपल्याकडं २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून ही पद्धत रुळली: गिअरबॉक्स तोच साधा, पण क्लच आणि गिअरचं काम एक यंत्र करतं, डाव्या पायाला सुट्टी. शेजाऱ्यांनी कौतुकानं अप्पांना फेरी मारून आणली. या गाड्या गिअर बदलताना किंचित थांबतात, मान जराशी डुलते. अप्पा उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली, आणि मला हळूच म्हणाले, "ड्रायवर नवा हाय हिचा. शिकंल."

चिरंजीवांना आता तसलीच गाडी हवी आहे. नाहीतर विजेवरची, तिला गिअरच नाहीत. मला त्याचं वाईट वाटत नाही, खरंच. रोजच्या पंचेचाळीस किलोमीटरनंतर माझा डावा गुडघाही त्याच्याच बाजूनं मत देतो. पण घरात सध्या एकच गाडी आहे आणि तिला तीन पेडल आहेत, तेव्हा नाइलाजानं तो शिकला. हील अँड टो नाही. टिचकी.

मागच्या नोव्हेंबरात आम्ही तिघं तुळजापूरला गेलो होतो, देवीला. परतताना तो चालवत होता, अप्पा पुढं, मी मागं. अप्पांच्या पेन्शनचा हयातीचा दाखला दुसऱ्या दिवशी बँकेत द्यायचा होता आणि फॉर्म तसाच कोरा. वेळ सापडला म्हणून मी मांडीवर पर्स, पर्सवर फॉर्म ठेवून भरायला घेतला. नाव, जन्मतारीख, पेन्शनचा लांबलचक नंबर, एकेका चौकोनात एकेक आकडा. माथ्यावर तिसरा पडला. मी सातवा आकडा लिहीत होते. अर्ध्या घाटात पुढं सिमेंटचा ट्रक आला, दुसरा पडला. अकरावा आकडा. मान वर करून बघितलं तर अप्पांची चप्पल काढलेली, पाय पत्र्यावर, आणि ते खिडकीबाहेर बघतायत. चिरंजीवांचे कान लाल. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

तामलवाडी गेलं, हिप्परगा गेला. फॉर्म पुरा झाला, फक्त पत्ता उरला होता. तुळजापूर नाक्याच्या अलीकडं एक रिक्षा आडवी आली, गाडी खाली वाकली, वर उठली, आणि माझ्या पेनाची एक छान निळी रेघ 'साखर पेठ'मधून निघून थेट 'अर्जदाराची सही' पर्यंत गेली.

मी काही म्हणायच्या आत अप्पांनी मागं हात केला. मी फॉर्म दिला. त्यांनी तो स्टिअरिंगच्या बाजूला, नातवाला दिसेल असा धरला आणि रेघेवर बोट ठेवलं.

"आबा, रिक्षा होती!" तो म्हणाला. "तुम्ही बघितलंत की. आणि तो खड्डा!"

अप्पांनी सीटवर सगळं अंग वळवून डावा कान त्याच्याकडं केला.